उत्तर मिळालं, अभ्यास राहिला

गेल्या सत्रातली गोष्ट. आयएसएसाठी सरांनी ‘ख्रिस्तपुराणाची भाषा’ या विषयावर हजार शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता. मुदत सोमवारची. माझा निबंध रविवारी रात्री साडेदहाला सुरू झाला आणि पावणेबाराला संपला. सव्वा तासात हजार शब्द! मी काही एवढी हुशार नाही, हे वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मोबाईलवरच्या एआय शोधाला मी प्रश्न विचारत गेले, तो उत्तरं देत गेला, मी ती आपल्या भाषेत फिरवून वहीत उतरवत गेले. शेवटी वाटलं, एखादी ओवी उदाहरणादाखल हवी. मराठी भाषेच्या थोरवीच्या ज्या ओव्या सगळेच देतात, त्या नकोत. म्हणून विचारलं, ‘ख्रिस्तपुराणातली फारशी कुणी न दिलेली एखादी ओवी दे.’ दोन सेकंदांत ओवी हजर. खाली संदर्भसुद्धा: दुसरं पुराण, अवस्वरू ६३, ओवी ४१.

चार दिवसांनी सरांनी वही परत दिली. ओवीभोवती पेन्सिलीचं वर्तुळ होतं. सर रागावले नाहीत. म्हणाले, ‘ओवी बरी आहे. मला नवीन आहे. कुठे मिळाली तुला?’ मी म्हटलं, ‘सर, नेटवर.’ ते म्हणाले, ‘मग एकदा लायब्ररीत जा आणि ग्रंथाची नुसती अनुक्रमणिका बघून ये.’

मी गेले. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण दोन भागांत आहे. पहिल्या पुराणात ३६ अवस्वरू, दुसऱ्यात ५९. त्रेसष्टावा अवस्वरू नाहीच! जो अध्यायच ग्रंथात नाही, त्यातली एक्केचाळिसावी ओवी मी स्वतःच्या अक्षरात, दुहेरी अवतरणचिन्हांत लिहून दिली होती.

त्या दिवसापासून हा लेख माझ्या डोक्यात आहे. ‘एआय वाईट आहे, वापरू नका’ असं सांगायला तो लिहीत नाही. ते सांगणारे बरेच आहेत आणि सांगून झाल्यावर तेही मोबाईल काढतात. मी स्वतः आजही वापरते. पण आपण ज्याला अभ्यास म्हणतो आहोत तो अभ्यासच आहे का, हा प्रश्न एसईए तीन आठवड्यांवर आलेली असताना एकमेकांना विचारायला हवा, असं मला वाटतं.

आधी दुसरी बाजू

आधी हे मान्य करू, की शॉर्टकट आपल्या पिढीने शोधलेला नाही. आपल्या आईवडिलांच्या वेळी गाईडं होती, अपेक्षित प्रश्नसंच होते, सीनिअरच्या नोट्सची झेरॉक्सची झेरॉक्स होती, जिच्यात शेवटच्या दोन ओळी कायम कापलेल्या असायच्या. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘काय येणार?’ हा प्रश्न तेव्हाही होता.

आणि हेही मान्य करू, की एआयमुळे काही जणांचं खरोखर भलं झालं आहे. माझी एक मैत्रीण सत्तरीतून येते. सकाळी सहाची कदंबा पकडते, कॉलेज संपलं की एका दुकानात चार तास काम करते, घरी पोचते तेव्हा आठ वाजलेले असतात. घरात पुस्तकांचं कपाट नाही, ट्यूशनला पैसे नाहीत आणि रात्री नऊ वाजता शंका आली तर विचारायला कुणी नाही. तिच्यासाठी मोबाईलमधला हा न कंटाळणारा, न हसणारा, ‘एवढंही येत नाही?’ असं न म्हणणारा मास्तर मोठी गोष्ट आहे. तिला ‘लायब्ररीत बसून अभ्यास कर’ असं सांगणाऱ्याने आधी लायब्ररी किती वाजता बंद होते ते बघावं.

शिवाय आपल्यासारख्यांचा भाषेचा गोंधळ वेगळाच. घरी कोंकणी, प्राथमिक शाळा मराठीतून, पुढे सगळे विषय इंग्रजीतून आणि कॉलेजात आवड म्हणून मराठी. अर्थशास्त्राच्या पुस्तकातला एखादा इंग्रजी परिच्छेद तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. तोच मराठीत सोपा करून मागितला की पहिल्यांदा उलगडतो. हा अनुभव माझा आहे आणि तो मी नाकारणार नाही.

सोयही वाढली आहे. २०२५ साली एकामागून एक कंपन्यांनी भारतात आपली पैसे देऊन घ्यायची साधनं वर्षभरासाठी फुकट वाटली. एअरटेलच्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी, विद्यार्थ्यांना गूगलचं जेमिनाय, मग नोव्हेंबरात चॅटजीपीटीचा एक प्लॅन. फुकट कुणी उगाच देत नाही, हे आपल्याकडच्या बाजारात भाजी घेणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं. सवय लागली की वर्षभराने बिल येणारच. पण तूर्तास साधन हातात आहे. प्रश्न ते वापरायचं कसं, एवढाच आहे.

ती ओवी आली कुठून?

ओवी खोटी निघाल्यावर मी त्याच साधनाला विचारलं, ‘६३ वा अवस्वरू कुठून आणलास?’ त्याने लगेच माफी मागितली, माझं कौतुक केलं आणि दुसरी ओवी दिली. या वेळी अवस्वरूचा आकडा ५९ च्या आतला होता. तो अख्खा अवस्वरू मी नंतर वाचला. तीही ओवी त्यात नव्हती.

असं का होतं, हे समजून घेतलं तर राग कमी होतो आणि सावधपणा वाढतो. एआय शोध आपला प्रश्न घेऊन नेटवरची काही पानं गोळा करतो. मग त्यामागचं भाषेचं मॉडेल त्या पानांतला मजकूर आणि स्वतःच्या आधीच्या शिकवणीतून तयार झालेला अंदाज यांच्या आधारे एकापुढे एक शब्द ठेवत उत्तर रचतं. कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द शोभेल, हे त्याला फार चांगलं कळतं. पण ‘मला हे सापडलं नाही’ आणि ‘मी हे रचलं’ यांतला फरक ते आपल्याला दर वेळी सांगत नाही.

ओवीच्या बाबतीत तर फसायला जागाच जागा. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची. पहिल्या तीन चरणांना यमक, शेवटचा अर्धा चरण आखूड. हा साचा यंत्राला माहीत आहे. जुन्या मराठीची वळणं माहीत आहेत. मग ओवी ‘रचणं’ त्याला किती सोपं! माझ्या खोट्या ओवीचं यमक चोख होतं. आणि खऱ्या ओव्या त्याला सापडणं मात्र अवघड, कारण स्टीफन्स यांनी हा ग्रंथ रोमन लिपीत लिहिला. तो १६१६ मध्ये राशोलला छापला गेला आणि १९०७ मध्ये मंगळूरला निघालेली सालदान्हांची आवृत्तीसुद्धा रोमनमध्येच आहे. देवनागरीत विचारलेला प्रश्न पोर्तुगीज वळणाच्या रोमन अक्षरांतल्या जुन्या मराठीपर्यंत नीट पोचत नाही. सापडलं नाही की यंत्र गप्प बसायला हवं. ते गप्प बसत नाही.

हे फक्त मराठीचं दुखणं नाही. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या टो सेंटरने मार्च २०२५ मध्ये आठ एआय शोधसाधनं तपासली. बातम्यांतले उतारे देऊन ‘ही बातमी कुठली, कुणी छापली, कधी?’ असे एकूण १६०० प्रश्न विचारले. ६० टक्क्यांहून जास्त उत्तरं चुकीची निघाली आणि बहुतेक चुकीची उत्तरं पूर्ण आत्मविश्वासाने दिलेली होती. ही गत नेटवर सहज मिळणाऱ्या इंग्रजी बातम्यांची. मग चारशे वर्षांपूर्वीच्या गोव्यातल्या मराठीबद्दल काय बोलावं?

गाईडातही चुका असायच्या, हे खरं. पण गाईडातली चूक सगळ्या वर्गाची एकच असायची. सर पहिल्याच पेपरात ओळखायचे आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर दुरुस्त करायचे. आता प्रत्येकाची चूक वेगळी, प्रत्येकासाठी ताजी बनवलेली. सरांनी साठ वह्यांतल्या साठ वेगवेगळ्या ओव्या कुठे कुठे शोधायच्या?

समजलं असं वाटणं

पण खोटी ओवी हा लहान प्रश्न आहे. ती पकडता येते. मोठा प्रश्न खऱ्या उत्तरांचा आहे.

त्या रविवारी रात्री यंत्राने सांगितलेलं बरंचसं बरोबर होतं. स्टीफन्स इंग्लंडमधले, १५७९ मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले, त्यांनी पुराणाचा घाट निवडला, ओवीत बायबलची कथा सांगितली. सगळं बरोबर. मी ते वाचलं, मला समजलं, मी लिहिलं. आणि सरांनी वही परत देताना तीन प्रश्न तोंडी विचारले, तेव्हा मला त्यातलं एक सालसुद्धा आठवलं नाही. चार दिवसांत हजार शब्द पाण्यात मीठ विरघळावं तसे गेले होते.

मला वाटलं माझीच स्मरणशक्ती वाईट. नंतर कळलं, की यामागे नेहमीचं कारण आहे. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता आठवेल तेवढा कागदावर लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तर पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने घेतली, तर चित्र उलटं झालं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

म्हणजे जे सोपं वाटतं ते पाच मिनिटं टिकतं आणि जे करताना डोकं खाजवावं लागतं ते आठवडाभर टिकतं. आपली परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते!

एआयचं उत्तर वाचणं म्हणजे या ‘पुन्हा वाचण्या’हूनही सोपं काम. मुद्दे पाडलेले, ठळक केलेलं, शेवटी सारांश. वाचताना कुठे अडखळायला होत नाही. आणि अडखळलो नाही म्हणजे आलं, असं आपण समजतो. दुसऱ्याने सोललेला फणस खायला छान लागतो, पण त्याने आपल्याला फणस सोलता येत नाही. हाताला चीक लागल्याशिवाय ते येतच नाही.

तुर्कस्तानातल्या एका शाळेत जवळजवळ हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा असाच प्रयोग झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी तो केला. एका गटाला सरावाच्या वेळी साधा चॅटबॉट दिला. त्यांचा सराव ४८ टक्क्यांनी सुधारला. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली. ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा या मुलांना १७ टक्के कमी पडले. पण गोष्ट इथे संपत नाही. दुसऱ्या एका गटाला जो चॅटबॉट दिला होता तो थेट उत्तर देत नव्हता, शिक्षकांनी ठरवलेल्या पद्धतीने फक्त सूचना देत होता. त्या गटाचं हे नुकसान जवळजवळ झालंच नाही.

मला हा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तंत्र तेच होतं. फरक पडला तो उत्तर कोण देतं, यंत्र की विद्यार्थी, यामुळे.

लायब्ररीतली दुपार

खोट्या ओवीच्या निमित्ताने एक चांगली गोष्ट झाली, तीही सांगायला हवी.

दुसरी ओवी शोधायला मी एका शनिवारी पणजीला पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात गेले. हे ग्रंथालय १८३२ सालचं, म्हणजे देशातल्या सगळ्यांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. बसस्टँडपासून पायी अंतरावर. तीन वर्षं मी त्याच्या बाजूने बस बदलत होते आणि एकदाही आत गेले नव्हते. सोबत माझी कॅथलिक मैत्रीण होती, ती फक्त एसीत बसायला आली होती.

रोमन लिपीतली आवृत्ती उघडली आणि माझी बोलतीच बंद झाली. मराठी आहे हे माहीत, पण डोळ्यांना ओळखच पटेना. मैत्रिणीने पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि सरळ वाचायला लागली. तिच्या घरी प्रार्थनेची पुस्तकं रोमी कोंकणीत, त्यामुळे ती अक्षरं तिच्या रोजच्या ओळखीची. ती वाचत होती, तिला शब्दांचे अर्थ लागत नव्हते. मी डोळे मिटून ऐकत होते आणि मला लागत होते, कारण आदल्याच वर्षी आम्ही संतसाहित्याचा पेपर केला होता. कथा मात्र तिला पाठ होती, मला नव्हती. मी अडले की ती कोंकणीतून गोष्ट सांगायची, ती अडली की मी शब्द सोडवायचे. स्वर्गाला स्टीफन्स ‘वैकुंठ’ म्हणतात, तिथे आम्ही दोघी थांबलो. ती म्हणाली, ‘आमच्या स्वर्गाला तुमचं नाव?’ मी म्हटलं, ‘म्हणून तर ऐकणाऱ्याला कळलं असेल.’ पुढची दहा मिनिटं आम्ही यावरच बोलत होतो.

ओवी सापडली नाही. पण ‘परक्या कथेसाठी स्टीफन्स यांनी ओळखीची भाषा कशी वापरली?’ हा प्रश्न पुढे परीक्षेत आला, तेव्हा मला काहीही पाठ करावं लागलं नव्हतं. वैकुंठाचा तो मुद्दा मी दीड पान लिहिला. रविवारच्या रात्रीचे हजार शब्द गेले ते गेले. ती दुपार मात्र राहिली.

एआयला मी विचारलं असतं तर हा मुद्दा त्याने मला पहिल्याच ओळीत दिला असता. पण तो मुद्दा ‘दिला’ जाणं आणि दोघींनी त्यावर अडखळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी आता काय करते

उपदेश नको, अनुभव सांगते. गेले चार महिने मी असं करते.

पहिलं, पुस्तकातलं प्रकरण वाचून झालं की मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवते आणि कोऱ्या कागदावर पंधरा मिनिटं आठवेल ते लिहिते. सुरुवातीला अर्धं पानसुद्धा भरायचं नाही. लाज वाटायची. पण नेमकं काय येत नाही, ते तिथेच कळतं.

दुसरं, त्यानंतर एआय उघडते, पण उत्तर मागत नाही. वर्गातल्या माझ्या नोट्स आणि अभ्यासक्रमातलं युनिट त्याला देते आणि सांगते, ‘यावर मला एकेक प्रश्न विचार. मी लिहिल्याशिवाय उत्तर सांगू नकोस. चुकलं तर आधी सूचना दे.’ मघाशी सांगितलेल्या तुर्कस्तानातल्या दुसऱ्या गटासारखं. हे काम तो फार छान करतो. रात्री अकरा वाजता वीस प्रश्न विचारणारा मास्तर आणखी कुठे मिळणार?

तिसरं, एखादी संकल्पना अडली तर सोपी करून मागते, पण उदाहरण माझं मी शोधते. मागणीची लवचिकता समजावताना त्याने सफरचंदं आणि मोटारगाड्या दिल्या. मी वहीत बांगडा लिहिला. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बांगड्याचा भाव चढतो, आई सुकी मासळी आणि भाजीकडे वळते. पर्याय आहे म्हणून मागणी लवचिक. मिठाचा भाव वाढला म्हणून कुणी आमटी अळणी खात नाही, तिथे लवचिकता कमी. हे उदाहरण मी परीक्षेत विसरूच शकत नाही, कारण ते आमच्या स्वयंपाकघरातलं आहे.

चौथं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. साल, नाव, आकडा आणि अवतरण या चार गोष्टी पुस्तकात पाहिल्याशिवाय वहीत उतरवत नाही. एआय खाली पानांचे दुवे देतो. तो दुवा उघडायचा आणि ते वाक्य तिथे खरंच आहे का, ते बघायचं. पुष्कळदा पान खरं असतं, पण त्यात आपल्याला सांगितलेली गोष्ट नसते. मराठी विश्वकोश नेटवर मोफत आहे. मोल्सवर्थचा कोशही आहे, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ची. शब्द अडला तर तिथे जायला मोबाईलवर अर्धं मिनिट लागतं. पुस्तकात तपासलं की पेन्सिलीने बारीक खूण करते. खूण नसेल ते परीक्षेत लिहीत नाही.

यात वेळ जातो का? जातो. पण परीक्षेच्या आदल्या रात्रीची ती धडधड बरीच कमी झाली आहे.

शिक्षकांना आणि मंडळाला

थोडं आमच्या सरांना आणि मॅडमना, रागावू नका म्हणून सांगून. ‘एआय वापरलंत तर शून्य’ असं सांगून कुणी थांबत नाही, फक्त लपवायला शिकतं. कशाला परवानगी आहे आणि कशाला नाही, ते सत्राच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. ‘टीप लिहा’ हा प्रश्न यंत्र झोपेत सोडवतं. त्याऐवजी निबंध दिल्यावर पाच मिनिटं तोंडी विचारा. आमच्या गावातलं, घरातलं, ऐकलेलं काही जोडायला लावा. माझ्या सरांनी ओरडण्याऐवजी अनुक्रमणिका बघायला पाठवलं. ते शून्य मार्कांपेक्षा जास्त लागलं आणि जास्त उपयोगी पडलं.

आणि शेवटचं आपल्या वाङ्मय मंडळाला. इथे मला एक कबुली द्यायची आहे. तो निबंध मी या ई-मासिकाच्या मागच्या अंकासाठी पाठवायला काढला होता. सरांनी वही एक आठवडा उशिरा दिली असती, तर ती खोटी ओवी इथे छापली गेली असती.

त्याने काय झालं असतं? आपलं मासिक नेटवर आहे. ख्रिस्तपुराणावर मराठीत नेटवर पानं किती? मोजकीच. उद्या कुणी तोच प्रश्न विचारला असता, तर एआयला आपलं पान सापडलं असतं आणि त्याने ती ओवी आत्मविश्वासाने दिली असती. खाली दुव्यासकट! कॉलेजचं मासिक, मराठीच्या विद्यार्थिनीचा लेख, आणखी काय पुरावा हवा? यंत्राने रचलेली ओवी आपल्यामार्फत फादर स्टीफन्स यांच्या नावावर चढली असती. इंग्रजीच्या समुद्रात एक खोटं पान बुडून जातं. मराठीच्या, त्यातही गोव्यातल्या जुन्या मराठीच्या डबक्यात ते वर तरंगत राहतं.

म्हणून ती ओवी मी या लेखातही दिलेली नाही. उदाहरणादाखलसुद्धा नाही.

मंडळाला माझी सूचना साधी आहे. पुढच्या अंकापासून ज्या लेखात अवतरण आहे, त्याच्यासोबत पुस्तकाच्या त्या पानाचा फोटो संपादकांकडे द्यायचा. छापायला नाही, फक्त तपासायला. दोन विद्यार्थी ते बघतील. हे काम करायला पहिलं नाव माझं लिहा. दुसरं नाव माझ्या मैत्रिणीचं लिहायला हरकत नाही, मी तिला विचारलं आहे. रोमन लिपीतलं काही आलं तर ती लागेलच.

बाकी, एसईए जवळ आली आहे. हॉलमध्ये मोबाईल बाहेर बॅगेत असेल आणि समोर कोरी उत्तरपत्रिका. आजपासून रोज पंधरा मिनिटं तीच कोरी उत्तरपत्रिका घरी समोर ठेवून बघा. पहिल्या दिवशी काहीच आठवणार नाही. घाबरू नका, माझंही तसंच झालं होतं.

(तृतीय वर्ष, कला शाखा)